पावसाळ्यात पीसीच्या पार्टवर चंदेरी रेघा, आणि बसवल्यावर स्क्रूपाशी तडे. दोष कुणाचा?

उद्यमबाग_पप्पू

मंडळी, नमस्कार. उद्यमबागेत आमचं छोटं मोल्डिंगचं शेड आहे. हायड्रॉलिक पॉवर पॅकच्या टाकीवर तेलाची पातळी दिसायला जी पारदर्शक खिडकी असते, ती आम्ही पॉलिकार्बोनेटमध्ये (पीसीमध्ये) काढतो. बेळगावात हायड्रॉलिक्सवाले भरपूर, त्यामुळं काम बरं चाललंय. खरं पाऊस लागला की डोकं फिरतं.

उन्हाळ्यात पार्ट काचेसारखा येतो. जून संपला की गेटपासून (मोल्डमधे माल शिरतो त्या तोंडापासून) चंदेरी रेघा सुरू. सेटिंग तेच, माणूस तोच, प्लॅस्टिकचा दाणा तोच. हॉपर ड्रायर १२० वर असतो, दाणा वितळवणारा बॅरल २९० ते ३००, मोल्डला साधं पाणी. रेघावाले पार्ट आम्ही जागेवरच बाजूला काढतो, ते एक सोडा.

दुसरं जास्त त्रासाचं आहे. रेघा नसलेले, स्वच्छ पार्ट गिऱ्हाइकाकडं जातात, टाकीवर बसतात, आणि काही आठवड्यांनी फोन येतो की स्क्रूच्या भोकापासून तडा गेलाय. गिऱ्हाईक म्हणतं तुम्ही डुप्लिकेट माल वापरला. दाणेवाला म्हणतो बॅग सीलबंद होती, ग्रेड ओरिजिनल. मी मधे. पीसी म्हणजे हातोडा मारला तरी फुटत नाही असं ऐकून हे काम घेतलं होतं. मग हे आपोआप कसं तडकायला लागलंय?

तिसरं_गेट

पप्पूशेठ, या दिवसांत रेल्वे गेटपाशी पाच मिनिटं उभं राहिलं तर माझ्या अंगावर पण रेघा उठतात, दाण्याचं काय घेऊन बसलाय! (विषयातलं कळत नाही, धागा वाचायला बसलोय.)

डायवाला_काका

पप्पू, तू दोन वेगळ्या तक्रारी एकत्र बांधून ठेवल्यास. रेघांचं कारण ओलावा आणि तड्यांचं कारण ताण. कधी कधी पहिलं दुसऱ्याला मदत करतं, पण औषध वेगळं आहे. एकेक घे.

तुझा हॉपर ड्रायर म्हणजे हीटर आणि पंखा. शेडमधली हवा ओढतो, तापवतो, दाण्यातून सोडतो. एप्रिलमधे हवाच कोरडी असते म्हणून भागतं. जुलैत बाहेरची हवा पाण्यानं गच्च भरलेली, ती १२० पर्यंत तापवली तरी तिच्यातलं पाणी कुठं जाणार? श्रावणात सांडगे वाळत घालण्यातला प्रकार आहे. पीसीला खरं म्हणजे डिह्युमिडिफायर ड्रायर पाहिजे. त्यात हवा आधी डेसिकंटमधून, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या मालातून जाते, दवबिंदू उणे ३०-४० अंशांपर्यंत उतरतो, आणि मग ती दाण्याकडं येते. मी निपाणीत असलो तरी शिरोलीच्या एमआयडीसीत आयुष्य गेलंय. तिथं पीसीचं काम करणाऱ्याकडं हा ड्रायर नसला तर मी डाय बनवायला घेत नव्हतो, कारण शेवटी नाव डायचंच खराब होतं.

पॉलिमर_सायली

काकांना अनुमोदन. मी होनग्याला एका कारखान्याच्या क्वालिटी लॅबमधे आहे, थोडी भर घालते.

पीसी पाणी फार पीत नाही. नायलॉनपुढं तर काहीच नाही. साध्या हवेत ठेवलेल्या दाण्यात ०.१५ टक्क्याच्या आसपास ओलावा स्थिरावतो. पण मोल्डिंगला तो ०.०२ टक्क्याच्या खाली लागतो. का लागतो, ते समजून घेणं महत्त्वाचं. पीसीच्या साखळीत ठरावीक अंतरावर कार्बोनेटचा जोड असतो. तीनशे अंशांच्या वितळलेल्या मालात पाण्याचा रेणू शिरला की तो बरोबर हा जोड तोडतो. साखळी आखूड होते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो वायू आणि वाफ मिळून ज्या बुडबुड्यांच्या रेघा पार्टच्या अंगावर ओढल्या जातात, त्याच तुमच्या चंदेरी रेघा.

आता धोक्याची गोष्ट. ओलावा थोडाच जास्त असेल, तर रेघ दिसत नाही पण साखळ्या तुटलेल्या असतात. पार्ट दिसायला काच, आणि आतून ठिसूळ. म्हणून "रेघा नाहीत म्हणजे चांगला" ही चाळणी पुरेशी नाही. लॅबमधे आम्ही दाण्याचा आणि पार्ट तोडून केलेल्या तुकड्यांचा एमएफआय (वितळल्यावर माल किती सहज वाहतो तो आकडा) काढतो, ३०० अंश आणि १.२ किलो वजनावर. पार्टचा आकडा दाण्याच्या बराच वर गेला असेल, म्हणजे माल जास्त पातळ वाहत असेल, तर साखळ्या तुटल्यात हे कागदावर येतं. मग गिऱ्हाइकाच्या "डुप्लिकेट"ला उत्तर देता येतं, किंवा गिऱ्हाईक बरोबर आहे हे तरी कळतं.

लॅब नसेल तर घरगुती उपाय आहे. एक हॉट प्लेट, दोन काचपट्ट्या. प्लेट साधारण २७० अंशांवर. एका पट्टीवर ड्रायरमधून नुकतेच काढलेले चार-पाच दाणे ठेवायचे, दुसरी तापलेली पट्टी वर ठेवून दाबायचं. दाणे वितळून गोल चकत्या होतात. चकतीत बुडबुडेच बुडबुडे असतील तर दाणा ओला. एखाद-दुसरा बुडबुडा हवेचाही असू शकतो, त्याचा बाऊ करू नका. हातमोजे घाला!

उद्यमबाग_पप्पू

सायलीताई, हे भारी सांगितलंत. हॉट प्लेट शेजारच्या शेडमधे आहे, आजच बघतो. काका, डिह्युमिडिफायर घ्यायचा तर एका पावसाळ्यात पैसे वसूल होतील असं काम माझ्याकडं नाही हो. दाणा रात्रभर ड्रायरमधे ठेवला तर? नाहीतर १४० वर नेला तर?

संकेश्वरी_मिरची

घ्या! चार तासांनी वाळत नाही ते रात्रभर त्याच ओल्या हवेत कसं वाळणार? आणि १४० वर नेऊन बघाच एकदा, हॉपरमधे गठ्ठा बसला की सब्बल घेऊन फोडत बसायचं. पीसी साधारण १४७ अंशांना मऊ पडायला लागतो. त्याच्या इतक्या जवळ गेलात की दाणे एकमेकांना चिकटायला लागतात.

डायवाला_काका

मिरचीबाईंचा (की मिरचीरावांचा?) सूर तिखट आहे पण मुद्दा खरा. १२० वरच राहा, तीन-चार तास. ज्यांना मोठा ड्रायर परवडत नाही ते फिरत्या हवेचा ट्रे ओव्हन वापरतात. दाण्याचा थर इंचभराच्या वर ठेवायचा नाही. कोरड्या हवेची सर येत नाही, पण खोल हॉपरपेक्षा बरं. फिल्टर बघ, हीटर बघ, तापमान मोजणारा थर्मोकपल कुठं लावलाय बघ. डिस्प्लेवर १२० आणि दाण्यात ९५ असं मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय.

ओव्हनमधून काढून बादलीत ओतून मशीनजवळ ठेवलास तर सगळं मुसळ केरात. पावसाळी हवेत अर्ध्या तासाच्या आत दाणा पुन्हा पाणी धरतो. हॉपर गरम पाहिजे, झाकण घट्ट पाहिजे, आणि त्यात जेवढा लागेल तेवढाच माल.

शिवाय भाड्याचा विचार कर. उद्यमबाग, मच्छे, होनगा मिळून पीसीवाले असतील तेवढे एकत्र आले तर दोघांत एक छोटा ड्रायर परवडतो. चार महिन्यांचाच प्रश्न आहे.

चिकित्सक_चिक्कोडीकर

थोडं अवांतर. या मालाची जन्मकथा मजेशीर आहे. १९५३ साली जर्मनीत बायरच्या हेर्मान श्नेल यांनी पॉलिकार्बोनेट बनवलं, आणि जवळपास त्याच वेळी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधे डॅनियल फॉक्स यांच्या हाती तोच पदार्थ लागला. ते तारांवरच्या इन्सुलेशनसाठी काहीतरी शोधत होते. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. पेटंट कुणाचं यावर दोन्ही कंपन्यांनी आधीच ठरवून टाकलं की ज्याला मिळेल त्यानं दुसऱ्याला रॉयल्टी घेऊन परवाना द्यायचा. मिळालं बायरला. त्यांचा तो मॅक्रोलॉन, यांचा तो लेक्सान. आपल्याकडं अजून कुठलंही पीसी असलं तरी जुने लोक "लेक्सान" म्हणतात, ते तिथून आलं.

चंद्रावर गेलेल्यांच्या हेल्मेटचा घुमट पॉलिकार्बोनेटचा होता, आणि आपल्या लहानपणीच्या सीड्याही त्याच्याच.

संकेश्वरी_मिरची

चंद्रावर पाऊस नाही, त्यांचं बरं होतं.

खानापूर_रोड

मी पलीकडच्या बाजूचा माणूस. पॉवर पॅक असेंब्ली करतो, पप्पूंचा माल आमच्याकडं येतो की नाही माहीत नाही. तडे जाणाऱ्या खिडक्या मात्र भरपूर पाहिल्यात. आमच्या हॉलमधे काय चालतं ते सांगतो, तुम्हीच ठरवा.

एक, खिडकीला बशीच्या डोक्याचे स्क्रू लावतात, डोकं आत बसतं आणि दिसायला चांगलं दिसतं. दोन, पंप चालला की थरथर होते, म्हणून स्क्रू ढिला पडू नये यासाठी थ्रेडलॉकरचे थेंब टाकतात. तीन, न्यूमॅटिक स्क्रू ड्रायव्हर, टॉर्क म्हणजे पोरगं दाबेल तेवढा. चार, खिडकी बसवल्यावर टाकीला शेवटचा टचअप रंग मारतात, आणि खिडकीवर उडालेले ठिपके थिनरच्या बोळ्यानं पुसून काढतात. माल एकदम चकाचक होऊन डिस्पॅच.

पॉलिमर_सायली

अहो खानापूर रोड, चौथं वाचून मी खुर्चीतून उठले!

पीसीला तडे जाण्याची कृती लिहायला सांगितली असती तर मी हीच लिहिली असती. हा माल स्फटिकी नाही, रेणू अस्ताव्यस्त गुंतलेले असतात. धक्का सहन करायला हे उत्तम, पण काही द्रावकं आत शिरायला वाट मिळते. टोल्युइन, अ‍ॅसिटोन, पेट्रोल, थिनर. ताण नसलेल्या पार्टवर ती पडली तर पृष्ठभाग खराब होतो. ताणाखाली असलेल्या पार्टवर पडली तर तडा जातो, कधी लगेच, कधी काही दिवसांनी. थ्रेडलॉकरचंही तेच. तो धातूच्या आट्यांमधे हवा न मिळाल्यानं घट्ट होतो. प्लॅस्टिकच्या भोकात तो बराच काळ ओलाच राहतो आणि पीसीला खातो.

साधं मिनरल हायड्रॉलिक तेल त्या मानानं गरीब आहे. ते फार गरम नसेल आणि पार्टवर ताण नसेल तर पीसी तग धरतो. फॉस्फेट एस्टरचं तेल असेल तर पीसी वापरूच नये.

डायवाला_काका

आता बशीच्या स्क्रूबद्दल. तिरकं डोकं पाचरीसारखं भोकात शिरतं आणि भोक बाहेरच्या बाजूला फाडायला बघतं. हा ताण कायमचा, खिडकी टाकीवर असेपर्यंत. सपाट बुडाचा पॅन हेड घ्या, खाली वॉशर घाला, भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं ठेवा. लोखंडी टाकी आणि पीसी तापल्यावर सारखे वाढत नाहीत, पीसी कितीतरी जास्त वाढतो. त्याला सरकायला जागा पाहिजे.

पण पप्पू, सगळं असेंब्लीवाल्यांवर ढकलून सुटू नकोस. तू मोल्डला साधं पाणी सोडतोस म्हणालास. पीसीचा मोल्ड किमान ८० अंशांवर पाहिजे, शंभरपर्यंत नेला तर अजून चांगलं. थंड पोलादाला लागून बाहेरची कातडी झटकन गोठते, आतला गाभा नंतर आकसतो, आणि ती ओढाताण पार्टमधे तशीच अडकून राहते. त्यात थंड मोल्ड भरत नाही म्हणून तू होल्डिंग प्रेशर वाढवत असणार. म्हणजे गेटपाशी अजून ताण. पीसी भरत नसेल तर दाब आणि वेग वाढवून फार उपयोग नाही, तो पातळ होतो ते तापमानानं.

उद्यमबाग_पप्पू

काका, मोल्ड ८० वर नेला की सायकल, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, वाढते. गिऱ्हाइकानं नगाचा रेट असा पिळलाय की त्यात सेकंदाला किंमत आहे. एमटीसी (मोल्ड तापवून ठेवणारं यंत्र) घ्यायचा, वीज जाळायची, आणि माल कमी काढायचा. हिशेब बसेना झालाय.

डायवाला_काका

परत आलेल्या मालाचा हिशेब धरलास का त्यात? भाडं, बदली पार्ट, आणि गिऱ्हाइकाचं तोंड?

संकेश्वरी_मिरची

काका, हे म्हणणं सोपं आहे. छोट्या शेडवाल्याला रिजेक्शनचे पैसे पुढच्या महिन्यात जातात आणि एमटीसीचे आज. रेट ठरवताना परचेसवाले ॲक्रिलिकच्या खिडकीशी तुलना करतात आणि मजबुती मागताना पीसीची. पप्पू, तुम्ही कोटेशनमधे मोल्ड टेम्परेचर, ड्रायिंग, सगळं लिहून द्या. या रेटला हे मिळेल, त्या रेटला ते. मग त्यांनी ठरवावं. तोंडी बोलण्याला आपल्याकडं काही किंमत नाही.

डायवाला_काका

हे मान्य. माझ्या पिढीनं कोटेशन फार तोंडी दिली.

डायबद्दल एक राहिलं. तुझ्या खिडकीच्या आतल्या कोपऱ्यांना गोलाई आहे का? पीसीला धारदार कोपरा म्हणजे खाच. जाडीच्या निम्मी तरी त्रिज्या ठेव. आणि स्क्रूच्या भोकाभोवती मजबुतीसाठी जाडी वाढवली असशील तर कमी कर. तीन-साडेतीन मिमीपर्यंत पीसी खाचेवर मार बसला तरी वाकतो, ताणतो. सहाच्या पुढं गेलास की तोच माल खाचेपाशी कडकन तुटतो. लोकांना वाटतं जाड तेवढं भक्कम.

चिकित्सक_चिक्कोडीकर

पप्पूंना मूळ प्रश्नच विचारतो. खिडकीला पीसीच पाहिजे का? ॲक्रिलिक स्वस्त आणि जास्त पारदर्शक, त्यातून ९२ टक्के प्रकाश जातो, पीसीतून ८८-८९.

पॉलिमर_सायली

ॲक्रिलिकवर पाना पडला की संपलं. शिवाय टाकीचं तेल ६०-७० अंशांवर चालायला लागलं की त्याला फारसा वाव उरत नाही, पीसी सव्वाशेपर्यंत आकार सोडत नाही. तेलाच्या पातळीदर्शकांना बरेच मोठे उत्पादक पारदर्शक नायलॉन वापरतात. तेल आणि पेट्रोलला तो पीसीपेक्षा चांगला टिकतो. पण त्याला अल्कोहोल चालत नाही, भाव पीसीच्या वर, आणि आकसण्याचं प्रमाण वेगळं असल्यानं याच डायमधून मापं जुळतील याची खात्री नाही. पीसी अर्धा ते पाऊण टक्का आकसतो, डाय त्या हिशेबानं कापलेली असणार.

पप्पूदादा, ताण बघायचा फुकटचा उपाय सांगते. लॅपटॉपच्या स्क्रीनवर पांढरं पान उघडा. स्क्रीनसमोर पार्ट धरा आणि पोलराइज्ड गॉगल किंवा कॅमेऱ्याच्या पोलरायझरमधून बघा, गॉगल फिरवत फिरवत. इंद्रधनुष्यी पट्टे दिसतील. जिथं पट्टे दाट, एकावर एक चढलेले, तिथं ताण. मालाच्या वाहण्यानंही रंग दिसतात, त्यामुळं एकट्या पार्टवरून निकाल देऊ नका. थंड मोल्डचा आणि गरम मोल्डचा शेजारी शेजारी धरा. कारखान्यात टोल्युइन आणि एन-प्रोपॅनॉलच्या मिश्रणात पार्ट बुडवून तडे येतात का बघतात. टोल्युइन जितकं जास्त, तितका कमी ताणही उघडा पडतो. तो प्रयोग लॅबमधेच बरा.

तिसरं_गेट

एक बाळबोध शंका. आमच्या घरी येणारा वीस लिटरचा पाण्याचा जार पण पीसीचाच का? त्यातून बीपीए का काय उतरतं म्हणतात ते खरं का?

पॉलिमर_सायली

निळसर, कडक, खाली त्रिकोणात ७ लिहिलेला जार बहुतेक पीसीचा. ७ म्हणजे "इतर", त्यामुळं नुसत्या आकड्यावर जाऊ नका. पीसी बिस्फेनॉल-ए पासूनच बनतं, आणि गरम पाणी, तीव्र साबण, जुना झालेला जार यानं ते थोडं थोडं सुटू शकतं. बाळाच्या दुधाच्या बाटल्यांना युरोपात २०११ पासून आणि आपल्याकडं २०१५ च्या बीआयएस मानकापासून पॉलिकार्बोनेट बंद आहे. जारमधे उकळतं पाणी ओतू नका, उन्हात ठेवू नका, पांढुरके चरे पडलेला जार परत करा.

उद्यमबाग_पप्पू

अपडेट देतो. हॉट प्लेटवर दाणे दाबले. ड्रायरच्या वरच्या थरातले तर सोडाच, तळातल्या दाण्यांतही बुडबुडे. थर्मोकपल हवेच्या पाइपात होता, दाण्यात खरोखरच कमी तापमान निघालं. तो हलवला, फिल्टर बदलला, हॉपर निम्माच भरायला सुरुवात केली. मच्छेतल्या एका मित्राकडं डिह्युमिडिफायर आहे, त्याच्या मशीनला सध्या काम नाही, सप्टेंबरपर्यंत भाड्यानं देतो म्हणालाय. रेघा जवळजवळ गेल्या.

मोल्डला हीटरच्या टाकीतून गरम पाणी फिरवून थोडे पार्ट काढले आणि लॅपटॉपसमोर धरले. काय सांगू, थंड मोल्डच्या पार्टला भोकाभोवती नुसती रंगपंचमी, गरम मोल्डचा बराच शांत. दोन्ही पार्ट घेऊन गिऱ्हाइकाच्या परचेसवाल्यासमोर बसलो. आधी ऐकायलाच तयार नव्हते. मग त्यांच्याच स्टोअरमधला थिनर मागितला आणि त्यांच्याच हातानं बसवलेल्या खिडकीवर, बशीच्या स्क्रूपाशी, बोळा फिरवला. चहा येईपर्यंत तडा दिसला. पॅन हेड आणि वॉशर मान्य केलंय. ठिपके पुसायला साबणाचं पाणी, आणि रंग मारताना खिडकीवर मास्किंग टेप. रेटचं बघूया म्हणालेत. म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे.

खानापूर_रोड

थिनरचा प्रयोग आमच्या मॅनेजरलाही दाखवतो. थ्रेडलॉकरऐवजी नायलॉन इन्सर्टचा नट वापरून बघतो, टाकीच्या मागून हात पोचतो तिथं तरी.

उद्यमबाग_पप्पू

काका, जाता जाता आणि एक. या दिवसांत लाइट कधी जाईल सांगता येत नाही. बॅरलमधे पीसी असताना लाइट गेली आणि तासाभरानं आली तर काय करायचं?

डायवाला_काका

तापमान पुरतं येऊ दे, घाई करून स्क्रू फिरवू नकोस. वितळलेला पीसी पोलादाला घट्ट चिकटतो आणि थंड होताना आकसतो. बॅरल पूर्ण गार झाला तर तो बॅरलमधल्या स्क्रूच्या नायट्रायडिंग केलेल्या (कडक केलेल्या) कातडीचे टवके ओढून काढू शकतो. म्हणून थोडा वेळ काम थांबवायचं असेल तर हीटर बंद करू नकोस, १७०-१८० वर ठेव. रात्री मशीन बंद करायचं असेल तर आधी एचडीपीई (साधं पॉलिथिन) घालून पीसी पुरता बाहेर काढ आणि मग बंद कर. ज्या बॅरलमधे आधी पीव्हीसी किंवा ॲसिटल चाललंय, तो नीट साफ केल्याशिवाय पीसी घालू नकोस. ते पीसीच्या तापमानाला जळतात आणि पीसीलाही बिघडवतात. ॲसिटलचा वायू तर डोळे उघडू देत नाही, शेडमधे उभं राहवत नाही.

रनरचं (पार्टला जोडून येणाऱ्या जादा मालाचं) ग्राइंडिंग टाकत असशील तर तेही व्हर्जिनसारखंच, म्हणजे नव्या दाण्यासारखंच, वाळवून टाक. आणि रेघावाल्या पार्टचं ग्राइंडिंग या खिडकीत बिलकुल नको. त्याच्या साखळ्या आधीच तुटल्यात, वाळवून जोडल्या जात नाहीत. काळा रंग घालून दुसऱ्या कुठल्या झाकणात जिरव.

संकेश्वरी_मिरची

आणि ते झाकण कुणाला विकणार ते आधीच सांगा, मी तिथून घेणार नाही.